देवरुखचा ठिपका

दुपारी एक वाजून अठरा मिनिटांनी निकेशच्या फोनवर तेजसचा मेसेज आला आणि हातातला घास परत डब्यात पडला. मेसेज तसा साधाच. "निकेशदादा, तुमचा कट्टा लय लांब पोचला. देवरुखला कोन हाय आपलं?" खाली एक फोटो. गाडीची पुढची काच, तिच्यापलीकडे रस्ता, आणि डाव्या हाताला पेणच्या एका गणपती कारखान्याची पाटी. फोटोखाली ते हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं पिवळं तोंड. बस, एवढंच. ऐरोलीच्या त्या काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एसी इतका गार असतो की माणसं मे महिन्यात स्वेटर घालून जेवतात, आणि अशा गारठ्यात निकेशच्या मानेवरून घामाचा थेंब सरळ पाठीत उतरला. समोर बसलेली हेतल म्हणाली, "काय रे, काटा लागला काय?" निकेश म्हणाला, "नाही गं." डब्यातल्या बोंबलाला कसला आलाय घशात लागण्याजोगा काटा, पण हेतलला ते कुठून माहीत असणार! त्याने डब्याला झाकण लावलं. देवरुखला कोण आहे आपलं? कोणी नाही. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या कोळ्यांचं देवरुखात काय काम? तिथे ना खाडी ना बंदर. तो मनातल्या मनात गावातली सगळी घरं फिरून आला, माहेरवाशिणी मोजून झाल्या, आणि मग एकदम कुणीतरी मागून धक्का द्यावा तसं त्याला कळलं. रुतिका.

रुतिका ही त्याची आतेबहीण, मैनाआत्याची एकुलती एक पोर. नेरूळच्या तेजसला दिली होती. चार वर्षं संसार केला आणि अकरा महिन्यांपूर्वी एका दुपारी तीन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन ती जी घराबाहेर पडली ती कुठे गेली कुणालाच ठाऊक नाही. आईलाही नाही. आईला तिने कुणाच्या तरी फोनवरून एकदाच सांगितलं होतं की मी बरी आहे, कुठे आहे ते विचारू नको, तुला माहीत नसेल तर तुझ्या तोंडून निघणारही नाही. निकेशनेही कधी विचारलं नव्हतं. न विचारणं हीच त्याला आपली मोठी कामगिरी वाटायची. माणूस किती थोडक्यावर स्वतःची पाठ थोपटून घेतो! आणि आता ज्याला कळायला नको त्यालाच कळलं होतं, त्याची गाडी पेण ओलांडत होती, आणि पत्ता दिला होता म्हणे कट्ट्याने. निकेशच्या कट्ट्याने.

तो कट्टा म्हणजे काय, तर निकेशने दोन वर्षांपूर्वी चालू केलेलं एक छोटंसं सोशल नेटवर्क. मोठ्या कंपन्यांचं असतं तसं एकच अवाढव्य दुकान नव्हे. ज्याने त्याने आपापलं सर्व्हर चालवायचं, आणि अशी हजारो सर्व्हरं एकमेकांशी बोलतात. ज्याची त्याची होडी, खाडी मात्र सगळ्यांची, असं तो गावात समजावून सांगायचा. दिवाळ्यातली, करंज्याची, वेसाव्याची, अशा कोळीवाड्यांतली मिळून दोनशे-सव्वादोनशे माणसं तिथे आपल्या बोलीत लिहीत. नावनोंदणी केली तर ठीक, न केली तरी वाचायला कुणी अडवत नसे. पानाच्या तळाशी निकेशने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती, "इथे कोण येतं, कुठून येतं, याची नोंद आम्ही ठेवत नाही." आणि ती खरी होती. येणाऱ्यांचे पत्ते त्याचं सर्व्हर क्षणाक्षणाला पुसून टाकायचं. त्या ओळीच्या बरोबर खाली होता तो हिरवा बिल्ला. "चालू : ९९.९८ टक्के." सर्व्हर वर्षभरात किती वेळ न अडखळता चाललं हे सांगणारा. गावातली माणसं त्याला बावटाच म्हणायची, होडीवर आपापल्या रंगाचा असतो तसा. आणि खोटं कशाला बोला, निकेशचा जीव होता त्या बावट्यावर. हापिसात तो दुसऱ्यांची सर्व्हरं सांभाळायचा, तिथे काही बिघडलं की सगळे त्याच्या नावाने ओरडायचे आणि नीट चाललं की कुणी ढुंकून बघत नसे. इथे मात्र नीट चालल्याचं प्रमाणपत्र चोवीस तास हिरवंगार लावलेलं. वरचे शून्य पूर्णांक दोन शतांश टक्के म्हणजे एकदा डिस्क भरली म्हणून गेलेले पावणेदोन तास. ते त्याला अजून सलायचे. जगातल्या अशा छोट्या सर्व्हरांची एक यादी असते, तिच्यात बिल्ला असलेल्यांना वरचा नंबर मिळतो, म्हणून त्याने तो एका परदेशी कंपनीकडून फुकटात घेऊन लावला होता. फुकट ते पौष्टिक.

त्याने अंगठ्याने त्या बावट्यावर टिचकी मारली. कंपनीचं पान उघडलं. हिरव्या रेघांची ती ओळखीची रांग दिसली, आणि तिच्याखाली पूर्वी कधी न पाहिलेला एक नकाशा. "तुमचा बिल्ला कुठे कुठे पाहिला गेला." नवी सोय, याच महिन्यात आपोआप चालू केलेली, आणि जगजाहीर. कुणीही यावं आणि बघावं. बेलापूर, नेरूळ, ऐरोली, मुलुंड इथे ठिपक्यांची नुसती खिचडी, पुढे अलिबागकडे थोडे, वसईकडे थोडे, आणि खाली दूरवर, सह्याद्रीच्या पायथ्याशी, एकटाच एक ठिपका. देवरुख. त्यावर बोट ठेवलं की वेळही दिसत होती. रोज, दुपारी दोन ते सव्वादोन. मोबाइलच्या नेटवरून बघितलं असतं तर ठिपका मुंबईतच कुठेतरी पडला असता, पण ती कुणाच्यातरी वायफायवरून बघत असणार, शाळेच्या, दवाखान्याच्या, जिथे कामाला लागली असेल तिथल्या. निकेशला पुढचं कुणी समजावून सांगायला नको होतं. बिल्ल्याचं चित्र त्याच्या सर्व्हरवर नव्हतंच, ते कंपनीच्या मशीनवरून यायचं. म्हणजे कट्टा उघडणारा प्रत्येक फोन नकळत त्या कंपनीचंही दार वाजवायचा, आणि दार वाजवणाऱ्याचा पत्ता घरवाल्याला कळतोच. हे त्याला बिल्ला लावायच्या दिवशीही माहीत होतं. तेव्हा तो स्वतःशी म्हणाला होता, जाऊ दे रे, एवढंसं चित्र ते, कोण बघतंय.

कोण बघतंय! हेतल हात धुवायला उठली. निकेश तसाच बसून राहिला आणि त्याला नेरूळची ती हळद आठवली. तेजसच्या चुलतभावाची हळद, बेंजोचा दणदणाट, गल्लीभर मांडव, आणि एप्रिलच्या त्या उकाड्यात रुतिका पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून ताटं वाढत होती. निकेशच्या पानात भाकरी टाकताना तिची बाही मनगटावरून मागे सरकली आणि त्याला दिसलं. चार बोटांचे निळेकाळे वळ. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने भाकरीकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "मटण झकास झालंय." असं म्हणाला तो! त्या वाक्याची आठवण आली की आजही त्याचे कान तापायचे. लहानपणी दिवाळ्याच्या धक्क्यावर ही पोर त्याच्या पाठीवर बसून चिखल तुडवायची, दादा दादा करून जीव खायची, आणि तो म्हणाला काय, तर मटण झकास झालंय. पुढे सहा महिन्यांनी, निघायच्या आदल्या आठवड्यात, ती माहेरी आली होती तेव्हा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "दादा, तुझ्या त्या कट्ट्यावर नुसतं बघितलं तर कुणाला कळतं काय रे?" आणि तो छाती काढून म्हणाला होता, "माझ्या कट्ट्यावर? छे! तिथे तुला कुणीसुद्धा बघणार नाही." जिथे बघायला हवं होतं तिथे बघितलं नाही, आणि जिथे बघणार नाही म्हणून शब्द दिला तिथे चव्हाट्यावर नकाशा टांगला. आता बोला.

काय करायचं? पोलिसांकडे जावं तर हरवल्याची तक्रार तेजसनेच देऊन ठेवलेली, ते उलट बायको सापडली म्हणून त्यालाच मदत करतील. रुतिकाचा नंबर कुणाकडेच नाही. पेणहून देवरुख, रस्ता कसाही धरला तरी पाच-सहा तास. बावटा उतरवणं तर दोन मिनिटांचं काम, फोनवरूनही होईल. त्याने पानाची ती ओळ उघडली, पुसायची तेवढी खूण केली, आणि बोट थांबलं. खरंच थांबलं. मनात आलं ते असं की आज बिल्ला काढला तर यादीतला नंबर जाईल, हिरवी रांग तुटेल. क्षणभरच आलं, पण आलं. स्वतःच्याच मनाची त्याला शिसारी आली. तिकडे पोरीच्या जिवावर बेतलंय आणि इकडे आपल्याला टक्के आठवतायत! त्याने ओळ पुसली. पानावर बावटा होता तिथे पांढरी जागा उरली. मग कंपनीच्या पानावर जाऊन नकाशाही बंद केला. तिथे बारीक अक्षरांत लिहून आलं की मागच्या नव्वद दिवसांची माहिती आमच्याकडे राहील. ठेवा बाबांनो. एक वाजून चौतीस मिनिटं झाली होती. आणि आता त्याला दुसरा प्रश्न टोचू लागला. तेजसला हे सुचलं कसं? सिमेंट-विटांचा धंदा करणारा माणूस, त्याला कट्टा कुठे माहीत होता?

निकेश जिन्यात आला आणि त्याने मैनाआत्याला फोन लावला. सकाळचा बाजार आटपून ती या वेळेला घरी असायची.

"कोन, निकेश? जेवलास का रं?"

"आत्या, तेजस तुझ्याकडे आला होता काय?"

"सोमवारी आलावता. आई आई करीत. मिठाईचा पुडा घेऊन. मी काय बोलनार, जावई हाय. माजा फोन घेतला न् बोलला, आई, तुमचा फोन लय हलू चालतो, मी साफ करून देतो."

"आणि तू दिलास?"

"नाय दिला असता तं बोलला असता, काय लपवते म्हातारी." तिचा आवाज उतरला. "का रं? काय झालं?"

"फोनवर काय उघडं होतं, आत्या?"

मग ती म्हणाली, "तो नकाशा."

निकेश पायरीवर बसला. आत्याला नकाशा माहीत होता. त्याला, कट्टा चालवणाऱ्याला, माहीत नव्हता, आणि तिला माहीत होता. ती सांगत गेली, तुटक तुटक, मधेच शब्द गिळत. ती रोज दुपारी दोनला कट्ट्यावर फोटो टाकायची हे त्याला ठाऊक होतं. आज बोंबील, आज मांदेली, आज सुकट वाळत घातली, असले फोटो. गावाला वाटायचं म्हातारीला मोबाइलचा नाद लागला. ते रुतिकाच्या सांगण्यावरून होतं, आई, तू टाकत जा, मी बघत जाईन. पण पोर बघते की नाही ते आईला कसं कळावं? दहा महिने ती नुसती टाकत राहिली, विहिरीत दगड टाकावा तशी. आणि या महिन्यात एक दिवस तिचं बोट चुकून बावट्यावर पडलं, नकाशा आला, आणि ती बघत बसली. फोटो टाकला की दहा मिनिटांत तो लांबचा एकटा ठिपका पेटायचा. एक दिवस तिने मुद्दाम तीनला टाकला. दोनला ठिपका पेटला, न् विझला, न् पुन्यांदा तीनला पेटला. "तवा मना कललं. माजीच पोर हाय. आईची वाट बगते. आज फोटो का नाय आला, म्हनून परत परत बगते."

"आत्या, मला सांगायचं तरी."

"तू काडून टाकला असतास," ती म्हणाली. आणि ते खरं होतं. मग तिला एकदम उमगलं असावं. "निकेश, त्याला कललं काय रं? माज्यापाई कललं?"

तिला खोटं सांगावं असं त्याच्या फार मनात आलं. पण त्याच्या जिभेवर मटण झकास झालंय अशीच चव आली, आणि तो म्हणाला, "कळलं, आत्या. निघालाय तो. पेणच्या पुढे असेल. पण चूक तुझी नाही, बावटा मी लावला होता. आत्ताच उतरवलाय. आता तो ठिपका कुणालाच दिसणार नाही." मग म्हणाला, "तुलाही नाही."

रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही. ती भलत्याच गोष्टीवर गेली. "तुजा आजा बावटा उतरवायचा. ठाव हाय ना?" ठाऊक होतं. आजा, म्हणजे मैनाआत्याचा बाप दिनानाथ, त्याला मासळीची चांगली जागा गवसली की पहिल्यांदा डोलकाठीवरचा बावटा खाली घ्यायचा, म्हणजे लांबून दुसऱ्या होड्यांना ओळखू येऊ नये, मागे लागू नयेत. विचारलं तर म्हणायचा, जागा कलली की जागा गेली. पोरांना ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की रुतिका ती नकला करून ऐकवायची. "पन धक्क्यावर आमी उभ्या असायचो," आत्या म्हणाली. "बावटा नसलेली होडी दिसली की कोनची हाय ते कलत नाय. कोन परत आला, कोन नाय, काय नाय कलत. आय माजी छातीवर हात ठेवून उभी र्‍हायची. पन ती कदी बोलली नाय, की बावटा लावून ठेव म्हनून." तिने नाक पुसलं. "बाबाचा तो बावटा पेटीत हाय माज्या. घडी घालून खाली ठेवते, फरशीवर. त्याचाच फोटो टाकते आज. रुतिकाला कलंल."

"तेजसही बघेल."

"त्याला काय कलनार त्यातलं? त्याच्या घरात होडी कई व्हती!"

त्या तसल्या घटकेलाही निकेशला हसू फुटलं. तो म्हणाला, खाली एखादी ओळ लिहितो, निघ, जागा सोड, असं काहीतरी. आत्या म्हणाली, "काय लिवू नको. लिवलेलं सगल्यांना वाचता येतं."

दोन वाजले. कट्ट्यावर फोटो आला. लादीवर एक विटका, कधीकाळी लाल असलेला कपडा, चौघडी घातलेला, बाजूला त्याची दोरी. निकेश जिन्यातच उभा होता, वर जायचं भान नव्हतं. दोन पाच. दोन दहा. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण कशाची वाट बघतोय? ठिपका येणार नव्हता. रुतिकाने फोटो पाहिला काय, पाहून समजली काय, की आजच नेमकी कामात अडकून राहिली, हे कळायचा एकच रस्ता होता आणि तो त्याने आपल्या हाताने बंद केला होता. सर्व्हर व्यवस्थित चालू होतं. इतकं चांगलं ते कधीच चाललं नसेल. कोण येतं, कुठून येतं, याची नवी नोंद आता खरोखरच कुणाकडे होत नव्हती, आणि त्या न-नोंदीचं वजन छातीवर घेऊन तो पायऱ्या चढून जागेवर गेला. पाच वाजता तेजस चिपळूणला असेल, असं त्याला वाटलं. सात वाजता संगमेश्वर. कुणाशीही बोलताना डोक्यात ती गाडी चालूच होती. आठनंतर ती कुठे असेल याचा विचार करायचं त्याने सोडलं, म्हणजे सोडायचं ठरवलं.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. तेजसचा मेसेज नाही, फोन नाही. निकेशने दहादा त्याला लिहायला घेतलं आणि दहादा खोडलं. काय विचारणार? सापडली काय? आत्या नेमाने दोनला फोटो टाकत होती, पहिल्या दिवशी मांदेली, दुसऱ्या दिवशी वाकट्या, आणि दोघंही एकमेकांना फोन करायचं टाळत होती. डबा तसाच घरी परत जायचा. हेतल म्हणाली, "तब्येत बघ जरा, तोंड कसं झालंय." त्याला रस्त्यात कुठेही कडेवर पोर घेतलेली बाई दिसली की तो वळून वळून बघायचा. आज्याने जागा लपवली तेव्हा धक्क्यावरच्या बायकांना काय वाटत असेल, हे त्या काचेच्या इमारतीत बसून त्याला पहिल्यांदा नीट समजत होतं, आणि ते समजून काही उपयोग नव्हता.

तिसऱ्या दिवशी साडेबाराला आत्याचा फोन आला. मागे बेलापूरच्या बाजाराचा कालवा, कुणीतरी बाई मोठमोठ्याने शिव्या घालत होती. आत्याला धाप लागलेली.

"निकेश, तेजस आलावता. आत्ता. माजी पाटी लाथाडली रं त्यांनी. सगलं बोंबील रस्त्यावर. सगल्या बाजारासमोर. बोलला, थेरडे, कुटं पाटवलीस तिला? बाजूची गिरजाबाई कोयता घेऊन उटली तवा पलाला."

निकेश खुर्चीतून उठला. "तुला लागलं काय? मी येतो, आत्ता निघतो. आत्या? आत्या, रडतेस काय?"

"रडते कनाला?" ती म्हणाली, आणि ती हसत होती. धापा टाकत, खोकत, बाजाराच्या त्या गदारोळात म्हातारी खदखदून हसत होती, आणि त्याच दमात रडतही होती. "आरं येड्या, पोर मिलाली असती तं तो माज्यापाशी कनाला आला असता? नाय मिलाली! नाय मिलाली रं त्याला! गेली माजी पोर, जागा सोडून गेली!"

तो परत खाली बसला. हेतलने पाण्याची बाटली पुढे केली. पलीकडे आत्या नाक ओढून शांत झाली आणि एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "न् आता दोनला फोटो कसला टाकू? बोंबील तं सगलं मातीत गेलं."

"मातीतलेच टाक, आत्या," निकेश म्हणाला. "तिला कळेल."

दोन वाजता फोटो आला. रस्त्याच्या धुळीत सांडलेले बोंबील, उपडी पाटी, आणि कडेला आत्याच्या पायाचा अंगठा. कुणी बघितला, कुठून बघितला, ते कुणालाच कळायची सोय नव्हती. निकेशने डबा उघडला आणि तीन दिवसांनी पोटभर जेवला.